वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर वजन परत वाढतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं स्लीव्हचं ऑपरेशन (जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळी ठेवतात ते) होऊन सात वर्षं झाली. पहिल्या दीड वर्षात ३८ किलो उतरले, पुढच्या अडीच वर्षांत त्यातले १३ परत अंगावर चढले आणि त्यानंतर ८ पुन्हा उतरवता आले. मधल्या काळात मी वजनकाटा पलंगाखाली सरकवून ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा काचेवर बोट फिरवलं तर रेघ उमटेल एवढी धूळ होती आणि सेल संपलेले होते. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन झालेल्यांच्या मदतगटात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. औषधं आणि तपासण्या यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच करायचा.

वजन परत वाढलं म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं का?

नाही. थोडंफार वजन परत येणं बहुतेकांच्या वाट्याला येतं. ऑपरेशनच्या आधी हे कुणी ठासून सांगत नाही, किंवा सांगितलं तरी त्या दिवसांत ते आपल्या डोक्यात शिरत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांच्या वजनाची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. १२० किलोच्या माणसाचा हिशोब मांडून बघा. तो साधारण ८२ पर्यंत खाली जातो आणि दहा वर्षांनी ९० वर असतो. म्हणजे आठ किलो परत आले, आणि हा सरासरी माणूस आहे, पथ्याला धाब्यावर बसवणारा नाही. त्याच अभ्यासात ऑपरेशन न केलेल्यांचं वजन एवढ्या वर्षांत जेमतेम एक-दोन टक्के इकडेतिकडे झालं. ऑपरेशन केलेल्या गटात मृत्यूही कमी झाले.

आपण मात्र आजच्या आकड्याची तुलना आयुष्यातल्या सगळ्यात कमी आकड्याशी करत बसतो. त्या आकड्यावर मी स्वतः जेमतेम दोन महिने होते.

किती वाढलं म्हणजे डॉक्टरांना गाठायचं?

याची सर्वमान्य व्याख्या नाही. कुणी सगळ्यात कमी वजनापासून १० किलोची वाढ धरतात, कुणी उतरलेल्या वजनापैकी किती टक्के परत आलं ते बघतात. मला दुसरी पद्धत पटते. ४० किलो उतरले आणि ६ परत आले तर १५ टक्के गेले, ८५ टक्के अजून हातात आहेत. आकडा तोच, पण बघताना छातीत धस्स होत नाही.

रोजच्या एक-दोन किलोच्या चढउताराचा बाऊ करू नका. खारट खाणं, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस, नव्याने सुरू केलेला व्यायाम, या सगळ्यांनी आकडा तात्पुरता वर जातो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर काट्यावर उभं राहा आणि आकडा लिहून ठेवा. तीन-चार किलो वाढलेले दिसले आणि महिनाभर तिथेच राहिले तर फोन करा. चार किलोचं बोलणं एका भेटीत उरकतं, पंधरा किलोचं वर्षभर चालतं.

मी पूर्वीइतकं खात नाही, तरी वजन का वाढतंय?

हा प्रश्न विचारणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यामागे शरीराची बाजू आहे, ती आधी सांगते.

भुकेचं एक संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग कापून काढतात. शिवाय स्लीव्ह असो वा बायपास, अन्न आतड्यात लवकर पोचतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं जेवणानंतर भरपूर वाढतात. म्हणून पहिलं वर्ष माहेरपणासारखं जातं. भूक नाही, वखवख नाही, चार घासांत समाधान. आपल्याला वाटतं आपण सुधारलो. खरं तर त्या वर्षी अर्धंअधिक काम संप्रेरकं करत असतात.

साधारण १२ ते २४ महिन्यांत वजन तळाला पोचतं आणि भूक हळूहळू परतू लागते. दुसरीकडे, हलक्या झालेल्या शरीराला इंधन कमी लागतं. ८० किलोचा देह चालवायला १२० किलोच्या देहाइतक्या कॅलरी लागत नाहीत, आणि बऱ्याच जणांत खर्च त्या हिशोबापेक्षाही खाली जातो. शरीर गेलेली चरबी तोटा समजतं आणि भरून काढायला बघतं. म्हणजे दुसऱ्या वर्षी ज्या जेवणावर वजन स्थिर होतं, त्याच जेवणावर चौथ्या वर्षी ते वाढू शकतं.

याच्या जोडीला वय, रजोनिवृत्ती, अपुरी झोप, गुडघेदुखीने बंद पडलेलं चालणं आणि घरातली संकटं असतात. कारण एकच असं क्वचितच सापडतं.

जेवण तर वाटीभरच जातं. मग कॅलरी येतात कुठून?

मधल्या वेळेतून. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला एकच काम दिलं होतं: तीन दिवस तोंडात जे जाईल ते लिहायचं, चांगलं-वाईट ठरवायचं नाही. मी एका जुन्या लिफाफ्याच्या मागे लिहिलं. पहिल्या दिवसाची तीन जेवणं चार ओळींत मावली. उरलेला लिफाफा असा भरला: कॉफी दूध-साखर घालून, दोन बिस्किटं, मुठीतले शेंगदाणे, पुन्हा कॉफी, मुलाच्या ताटात राहिलेला तुकडा, एक बिस्किट, टीव्हीसमोर वेफर्स ‘थोडे’, झोपताना आइस्क्रीमचे दोन चमचे डब्यातूनच. लिहिलं नसतं तर शपथेवर सांगितलं असतं की मी दिवसातून तीनदाच खाते.

याला आपल्याकडे चांगला शब्द आहे: चरणं. ऑपरेशनने एका बैठकीत किती मावेल याला आवर घातला आहे, दिवसातून किती बैठका माराव्यात याला नाही. त्यात मऊ, कुरकुरीत आणि पातळ पदार्थ त्या अरुंद जागेतून सरसर खाली उतरतात. मांसाचा तुकडा किंवा कच्ची भाजी पोटात थांबते आणि ‘पुरे’ म्हणते. आइस्क्रीम, बिस्किटं, वेफर्स, गोड पेयं थांबत नाहीत. काही जणांना घट्ट जेवण खाल्लं की अडकल्यासारखं होतं, म्हणून ते नकळत या घसरत्या पदार्थांकडे वळतात. तुमचं तसं होत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण जागा अरुंद झाली असेल तर त्यावर उपाय आहेत.

जेवताना पाणी पिण्याचंही असंच आहे. अन्न पुढे ढकललं जातं आणि भूक लवकर लागते. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबा हे पहिल्या महिन्यात सगळे पाळतात, तिसऱ्या वर्षी कुणी पाळत नाही.

माझं पोट ताणलं गेलं असेल का?

थोडंसं ताणलं गेलं असेलच, तसं होणं अपेक्षित असतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात, उरलेली नळी काळाबरोबर थोडी सैलावते. बायपासमध्ये सुरुवातीला सुमारे ३० मिलीलीटरची छोटी पिशवी करतात, तीही वाढते. एक दिवस जास्त खाल्लं म्हणून पोट फाकलं असं होत नाही.

काही वेळा मात्र खरंच दुरुस्त करण्याजोगं काही सापडतं: बायपासमध्ये पिशवी आणि आतडं यांचा सांधा रुंद झालेला असतो, पिशवी आणि वगळलेलं जठर यांच्यात वाट पडलेली असते, किंवा स्लीव्हमध्ये वरचा फुगीर भाग जास्त राहून गेलेला असतो. हे एंडोस्कोपी किंवा बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेवर कळतं. घरी बसून ‘एका दमात किती मावतं’ याची परीक्षा घेऊ नका, तिच्यातून काहीच कळत नाही.

पाच दिवस फक्त पातळ पिऊन पाउच (जठराची पिशवी) ‘रीसेट’ होतो म्हणतात?

होत नाही. पाच दिवसांत जठर आक्रसत नाही. काट्यावर जे उतरतं ते बहुतांशी पाणी असतं आणि सहाव्या दिवशी परत येतं. काहींना यातून पुन्हा शिस्त लावायला सुरुवात मिळते, तेवढ्यापुरतं ठीक आहे, पण दर दोन महिन्यांनी रीसेट करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांची प्रथिनं, लोह सगळंच तळाला गेलेलं असतं.

मग नक्की काय खायचं?

प्रथिनं आधी. सहसा दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगतात, तुमचा आकडा आहारतज्ज्ञ ठरवतील. अंडी, मासे, मांस, दही, डाळी-कडधान्यं, जे चालत असेल ते, पण ताटातला पहिला घास त्याचा. मग भाज्या, आणि जागा उरली तर पिठूळ पदार्थ. जेवणाच्या वेळा ठरवून टाका, कारण भूक लागेल तेव्हा खाऊ म्हणणारा दिवसभर चरतो.

उपासमार करू नका. आपल्या शरीरात जीवनसत्त्वं आधीच कमी शोषली जातात. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जन्मभर लागतं, वजन वाढलं म्हणून गोळ्यांची गरज संपत नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या.

जेवल्यावर दोन तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो. गोड खाल्लं की बरं वाटतं. हे काय?

हे रक्तातली साखर एकदम खाली गेल्याचं लक्षण असू शकतं. विशेषतः बायपासनंतर, एक-तीन तासांनी. गोड किंवा पिठूळ पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरतात, साखर उसळते, इन्सुलिन जास्तीचं सुटतं आणि साखर कोसळते. मग आपण पुन्हा गोड खातो आणि पुन्हा तेच चक्र. काही जणांचं वजन याच पायी वाढतं आणि त्यांना लोभी म्हणून बोल लावला जातो. त्या क्षणी साखर घ्यावीच लागते, पण नंतर डॉक्टरांना सांगा. जेवणातलं गोड कमी करून प्रथिनं वाढवली की बऱ्याच जणांना आराम पडतो. चक्कर येऊन पडलात किंवा शुद्ध हरपली तर वाट बघू नका.

चालू औषधांमुळे वजन वाढत असेल का?

असू शकतं. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, रक्तदाबावरचे काही बीटा ब्लॉकर. यादी डॉक्टरांना दाखवा, पण मनाने एकही गोळी बंद करू नका. थायरॉइडही बघून घ्या.

दारूचं काय?

ऑपरेशननंतर दारू लवकर चढते, बायपासनंतर तर फारच. रक्तातलं प्रमाण पटकन वर जातं आणि उतरायला वेळ लागतो. कॅलरीचा भाग सोडून द्या, मोठा धोका व्यसनाचा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं दिसलं. पूर्वी जी पोकळी खाण्याने भरायची ती ग्लासाने भरली जाते, असं आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी सांगितलं होतं. ते सांगताना त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तिचं झाकण ते सारखं उघडत-बंद करत होते.

व्यायामाने उतरेल का?

एकट्या व्यायामाने फारसं उतरत नाही. उतरलेलं टिकवायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालणं किंवा तत्सम, आणि दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग बहुतेक जण सोडतात. किलो उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि वजन परत येतं ते बहुतेक चरबीच्या रूपाने. मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून सुरुवात केली होती, हसू नका.

वजन उतरवणारी इंजेक्शनं आम्हाला चालतात का?

बऱ्याच जणांना चालतात, आणि सध्या या प्रश्नावर सगळ्यात जास्त आशा इथेच आहे. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही औषधं आतड्यातल्या त्याच संप्रेरकांची नक्कल करतात जी ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी आपल्या मदतीला होती. ऑपरेशननंतर अपेक्षेइतकं वजन न उतरलेल्या ७० जणांवर झालेली एक ब्रिटिश चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यात २४ आठवड्यांत लिराग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी जवळपास ९ टक्क्यांनी उतरलं, नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं अर्धा टक्का.

औषध थांबवलं की वजन परत चढू लागतं, हे आधीच लक्षात घ्या. मळमळ-उलटी होते, आणि आधीच कमी खाणारा माणूस आणखी कमी खायला लागला तर अंगातलं त्राण जातं. गरोदरपणात चालत नाही. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा तुम्हाला अथवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. कुणाकडून उरलेलं इंजेक्शनचं पेन घेऊन टोचणं हा प्रकार तर बंदच करा.

इंजेक्शन घेणं म्हणजे हार मानणं, असं काही जणांना वाटतं. रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू झाली तर आपण असं म्हणत नाही.

पुन्हा ऑपरेशन करता येतं का?

येतं, पण रांगेत ते शेवटी असावं असं माझं मत आहे. बायपासचा रुंदावलेला सांधा एंडोस्कोपीने आतून टाके घालून अरुंद करता येतो. स्लीव्हचं रूपांतर बायपासमध्ये करतात, विशेषतः जळजळ आणि आम्लपित्ताने जीव नकोसा झाला असेल तर. दुसऱ्या वेळचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, गुंतागुंत जास्त होते आणि उतरणारं वजन सहसा पहिल्याइतकं नसतं. रचनेत काही बिघडलेलंच नसेल तर नवी रचना करून चरणं थांबत नाही.

बाळंतपणानंतर वाढलेलं उतरतं का?

उतरतं, वेळ लागतो. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळा असं सांगतात. दूध पाजत असताना कडक डाएट नको आणि इंजेक्शन तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

लोक म्हणतात, ‘एवढं ऑपरेशन करूनही?’ यावर काय बोलायचं?

वजन वाढू लागल्यावर मी पहिली दोन वर्षं कारणं देत बसायचे. आता ‘हो, थोडं वाढलंय, उपचार चालू आहेत’ एवढंच म्हणते आणि विषय बदलते. वजन उतरताना कौतुक करणारी तोंडंच पहिल्यांदा बोलतात, हे मनाला लागतं, नाही म्हणत नाही.

पण बाहेरच्यांपेक्षा आपलं स्वतःशी बोलणं जास्त नुकसान करतं. ‘बिघडलंच आहे सगळं’ म्हणून एक बिस्किट खाणारा अख्खा पुडा संपवतो. रात्री चोरून खाणं, खाऊन झाल्यावर स्वतःची किळस येणं, हाताबाहेर गेल्यासारखं वाटणं, असं वारंवार होत असेल तर ते खाण्याच्या विकाराचं लक्षण असू शकतं. त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. आहाराचा कागद तिथे कामाचा नाही. जगणंच नकोसं वाटत असेल तर आजच्या आज कुणाला तरी सांगा.

वजन सोडून, कशासाठी ताबडतोब दवाखाना गाठायचा?

पोटात जोराची कळ येऊन थांबत नसेल, विशेषतः बायपासनंतर, मग कितीही वर्षं लोटलेली असोत, कारण आतडं आत अडकलेलं असू शकतं. काळी शी किंवा रक्ताची उलटी. काही दिवस सलग उलट्या होऊन त्यात डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं. ही बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते आणि तिला उशीर चालत नाही. बायपास झालेल्यांनी दुखण्यावर ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, पिशवी आणि आतडं यांच्या सांध्यावर व्रण पडतो. सिगारेटनेही पडतो.

तीन वर्षं फॉलो-अपला गेले नाही. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

मी अडीच वर्षांनी गेले होते. आदल्या रात्री झोप नाही. मनात भाषण तयार केलेलं: सासूबाईंचं आजारपण, नोकरी, गुडघा. डॉक्टर रागावतील याची एवढी खात्री होती की दोनदा गाडी वळवावीशी वाटली.

जाताना ऑपरेशनचे कागद, चालू औषधांची यादी, जुने रक्ताचे रिपोर्ट आणि तीन दिवसांचा खाण्याचा कागद घेऊन जा. सर्वात कमी वजन किती आणि साधारण कधी होतं, वाढायला कधी लागलं, त्या सुमाराला आयुष्यात काय चाललं होतं, हे चार ओळींत लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर घसा दाटतो. पूर्वीचे डॉक्टर नको असतील किंवा गाव बदललं असेल तर दुसरीकडे जा. बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेले) रुग्ण बघणारं कुणीही चालेल.

माझं भाषण तसंच राहिलं. नर्सबाईंनी फाइल उघडली, जुनं पान शोधलं, पेनाचं टोपण दाताने काढलं आणि म्हणाल्या, “चपला काढून उभ्या राहा हं, मागच्या वेळी चपलांसकट घेतलं होतं आपण.”